मोहरी गाडली आणि टोमॅटोच जळाले, कुठं चुकलं?

पाटपाणी (१४ जानेवारी, रात्री ९:५०)

मंडळी, जरा डोकं लावा.

सासवडच्या अलीकडे आमची दोन गुंठे जागा आहे. शनिवार-रविवार तिथे असतो. गेली दोन वर्षं टोमॅटो लावतेय आणि दोन्ही वर्षी तीच रड. दीड महिना झाडं ठणठणीत, फळ धरायच्या सुमाराला दुपारी माना टाकतात, संध्याकाळी परत उभी. मग एक दिवस संध्याकाळीही उठत नाहीत. उपटून बघितलं तर मुळांवर गाठीच गाठी, साबुदाणा ओवल्यासारख्या. गावातल्या दुकानदाराला दाखवलं. तो "सूत्रकृमी" (मुळात शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे जंत) म्हणाला आणि दाणेदार औषधाची पिशवी पुढे सरकवली. घरात खायच्या भाजीला ते टाकायचं जिवावर आलं.

तेवढ्यात वाचनात आलं की मोहरी दाट पेरायची आणि फुलावर आली की गाडायची, म्हणजे जमीन साफ होते. म्हटलं, बघू. दिवाळीनंतर किराणा दुकानातलीच काळी मोहरी एका गुंठ्यात फोकून दिली. पाव किलो घेतली होती, सगळीच टाकली. उगवण झकास. महिनाभर कोवळा पाला खुडून भाजीही खाल्ली. डिसेंबरात सगळा वाफा पिवळा झाला, मधमाश्या आल्या, फोटो काढून नातेवाइकांना पाठवून झाले.

डिसेंबरअखेरच्या शनिवारी विळ्याने कापली. म्हटलं जरा सुकू दे, गाडायला हलकी जाईल. म्हणून पुढच्या शनिवारपर्यंत तशीच पसरून ठेवली. मग कुदळीने माती वरखाली करून गाडली आणि रोपं आणलेलीच होती, ती रविवारी लावून मोकळी झाले. तीस रोपं. काल जाऊन आले तर वीस गेलेली. पानं पिवळी, मुळांची टोकं तपकिरी.

यजमान म्हणतात, "तुझ्या औषधाने रोग बरा व्हायच्या आधीच रोगी गेला." नेमकं काय चुकलं?

बांधकरी (१४ जानेवारी, रात्री १०:२०)

ताई, गाडली शनिवारी आणि रोपं रविवारी? हिरवळीचं खत म्हणून ताग गाडला तरी आपण पंधरा-वीस दिवस थांबतो. धैंच्याचं तेच. ओला पाला जमिनीत कुजताना आत गरमी होते, नत्र जीवाणू खाऊन टाकतात, कोवळ्या मुळीला बुरशी लागते. त्यात मोहरी म्हणजे अजून तिखट. रोपं त्यात उकडली.

राहिलेली दहा राहू द्या, जगली तर जगली. वाफ्याला पाणी देऊन ठेवा, वाफसा आला की परत एकदा चाळवा. फेब्रुवारीत दुसरं काहीतरी घ्या.

बाकी मी जुन्नर भागात टोमॅटो करतो. मोहरीने सूत्रकृमी जातो यावर माझा विश्वास नाही, आधीच सांगतो.

चहाबिस्कीट (१४ जानेवारी, रात्री १०:३१)

फोडणी जळाली एवढंच म्हणेन.

कडू_कारलं (१४ जानेवारी, रात्री ११:४५)

चहाबिस्कीट, गंमत म्हणून बोललात पण मुद्दा नेमका तिथेच आहे. पाटपाणींनी जमिनीला फोडणी दिली. द्यायची होती फेसलेली मोहरी.

घरी कधी केळ्याची नाहीतर काकडीची कोशिंबीर मोहरी फेसून केलीय का? आमच्या आजीकडे काळा दगडी खल होता. मोहरी घ्यायची, चमचा-चमचा गार पाणी घालायचं आणि घोटत राहायचं. आधी काहीच वास नाही. मग पांढुरका फेस धरायला लागतो आणि अचानक नाकात झणका. आजी लगेच वर वाटी पालथी घालायची. "झाक, दम जाईल तिचा." आणि पाणी कोमट जरी घेतलं तरी ओरडायची, कडू होते म्हणून.

आजीला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण चारही गोष्टी बरोबर होत्या. मोहरीत, म्हणजे दाण्यात आणि पानातही, सिनिग्रिन नावाचं द्रव्य असतं. त्याला तोडणारं मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याच झाडात, पण वेगळ्या पेशींमध्ये ठेवलेलं असतं. अख्ख्या दाण्यात दोघांची गाठ पडत नाही, म्हणून अख्खी मोहरी चावेपर्यंत तिखट लागत नाही. पेशी फुटल्या आणि पाणी मिळालं की दोघं भिडतात आणि ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होतो. नाकात जातो तो हाच. तो उडून जाणारा आहे. आणि उष्णतेने विकर मरतं, म्हणून तडतडलेल्या फोडणीतली मोहरी खमंग लागते पण झोंबत नाही.

आता वाफ्याकडे या. विळ्याने बुडातून कापली, म्हणजे पेशी फुटल्या फक्त बुडाशी, बोटभर जागेत. आठवडाभर उन्हात वाळवली, पाणी गेलं. जे काही तयार झालं ते हवेत गेलं. मग गाडलं ते वाळकं गवत. खतपाणी म्हणून ठीक, सूत्रकृमींना त्याचं काय?

या प्रकाराला बायोफ्युमिगेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या जॉन किर्कगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली हे नाव रूढ केलं. मोहरीवर्गातल्या पिकानंतर गहू जास्त जोमाने का येतो, असा तो मूळ प्रश्न होता. करायची रीत आजीचीच: फुलावर असताना, शेंगा धरायच्या आत, पाला अगदी बारीक चेचायचा, लगेच म्हणजे अक्षरशः अर्ध्या तासाच्या आत ओल्या मातीत मिसळायचा आणि वरून पाणी मारून माती दाबून घ्यायची, जमलं तर प्लास्टिक अंथरायचं. बराचसा वायू पहिल्या वीस-तीस मिनिटांतच निघून जातो. मग दोन-तीन आठवडे थांबायचं, कारण जे सूत्रकृमीला मारतं ते टोमॅटोच्या मुळीलाही सोडत नाही.

पाटपाणी (१५ जानेवारी, सकाळी ७:१०)

कडू_कारलं, हे वाचून कपाळावर हात मारला. मी स्वतः दर संक्रांतीला मोहरी फेसते हो! झाकूनही ठेवते! शेतात गेल्यावर सगळं विसरले.

बांधकरी, विश्वास का नाही ते सांगा ना.

बांधकरी (१५ जानेवारी, दुपारी १:३०)

ताई, सांगतो. आमच्या शेजारच्याने दोन वर्षांमागं अर्धा एकर केली होती, कुठल्या तरी व्हिडिओवर बघून. चांगली रोटाव्हेटर मारून गाडली. पुढच्या टोमॅटोला गाठी पहिल्यापेक्षा जास्त. आता ह्याला काय म्हणायचं?

कडू_कारलं (१५ जानेवारी, दुपारी ३:०५)

बांधकरी, ते खरं असू शकतं आणि त्यामागे कारणही आहे. मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी मोहरीच्या मुळातही राहतो. मोहरी त्याचं खाणं आहे, विष नंतर. जमीन उबदार असली की त्याची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. पेरा लवकर, ऊन कडक, आणि पीक सत्तर दिवस उभं ठेवलं, की तुम्ही सूत्रकृमींना दोन पंगती वाढून मग हात धुवायला विष दिलं.

म्हणून थंडीत पेरायची आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत उरकायची. शेजाऱ्यांनी कधी पेरली होती?

बांधकरी (१५ जानेवारी, रात्री ८:१५)

गौरी-गणपतीच्या सुमारास.

कडू_कारलं (१५ जानेवारी, रात्री ८:२०)

मग बरोबर.

हिल्डेसहाइमकर (१६ जानेवारी, पहाटे ३:४०)

इकडे जर्मनीत, लोअर सॅक्सनीत, आमच्या घरामागे शुगर बीटची शेतं आहेत. ऑगस्टमध्ये गहू-जव निघालं की लगेच मोहरी पेरतात. ऑक्टोबरात सगळा मुलूख पिवळाधमक. पहिल्या वर्षी मला वाटलं केवढं तेल काढतात हे लोक! शेजारच्या आजोबांना विचारलं तर हसले. एक दाणा काढत नाहीत. हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली की झाडं आपोआप मरतात, काळी पडून आडवी होतात, आणि मार्चमध्ये त्या आच्छादनातच बीट पेरतात. पावसाने नायट्रेट खाली झिरपून विहिरीच्या पाण्यात जाऊ नये म्हणून ते मधल्या काळात पिकात अडकवून ठेवायचं, हा मुख्य हेतू. माती धुपत नाही, तण दबतं.

ही मात्र पांढरी मोहरी, सिनॅपिस अल्बा. दाणा मोठा, फिकट पिवळा. इकडच्या सॉसेजबरोबरच्या मोहरीत तीच. तिच्यात सिनिग्रिन नसतं, सिनाल्बिन असतं. त्याचा तिखटपणा जिभेवर लागतो, पण नाकात जात नाही, कारण तो उडत नाही. म्हणजे वायूच्या कामाला ती नाही चालायची. बीटच्या सूत्रकृमीसाठी खास तयार केलेल्या जाती असतात, त्यांची गंमत वेगळी आहे. मुळांच्या स्रावाने अंडी फुटतात, पिल्लं मुळात शिरतात आणि तिथे त्यांना पोसायला काही मिळत नाही, बहुतेक नरच होतात आणि वंश खुंटतो. पण हा सूत्रकृमी वेगळा, टोमॅटोचा वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला नाही.

चहाबिस्कीट (१६ जानेवारी, सकाळी ९:००)

"तिखटपणा नाकात जात नाही" म्हणून जर्मन लोक एवढे शांत.

लुधियान्याची_सून (१६ जानेवारी, सकाळी ११:२५)

सूत्रकृमी गेले खड्ड्यात, महिनाभर भाजी खाल्लीत म्हणता ती कशी केली ते सांगा आधी!

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा मोहरी म्हणजे मिसळणाच्या डब्यातली एक वाटी एवढीच ओळख. इथे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जुड्याच्या जुड्या घरात. सासूबाईंची पद्धत: तीन जुड्या सरसोंच्या, एक पालकाची, एक बथुआची म्हणजे आपला चाकवत. देठ सोलून घ्यायचे, टाकायचे नाहीत. आलं-लसूण-मिरची घालून मंद आचेवर दोन-तीन तास. मग लाकडी घोटण्याने घोटायचं आणि मक्याच्या पिठाचं आलण. आलण लावल्यावर पुन्हा अर्धा तास. घाई केली की कच्च्या पिठाचा वास येतो.

आणि नुसती मोहरी करू नका, कडवट होते. पालक-चाकवत त्यासाठीच.

पाटपाणी (१६ जानेवारी, दुपारी २:००)

मी आपली मुळ्याच्या पाल्यासारखी केली. बारीक चिरून, भरपूर लसूण, तेलात परतून, बेसन पेरून दोन वाफा. ज्वारीच्या भाकरीबरोबर छान लागली. पण पंचवीस-तीस दिवसांपर्यंतचीच. कळी दिसायला लागल्यावर पान चरबट आणि कडू व्हायला लागलं.

सासव_घाला (१६ जानेवारी, संध्याकाळी ६:४०)

आमच्याकडे गोव्यात मोहरीलाच सासव म्हणतात आणि तिच्या नावाचं कालवणही आहे, पिकलेल्या घोटांचं, म्हणजे लहान रायवळ आंब्यांचं. ओल्या खोबऱ्याबरोबर मोहरी वाटायची, गूळ घालायचा. पण पाला खायची पद्धत घरात नव्हती. कुंडीत लावून बघते. किती दाट पेरू?

पूर्वांचली (१६ जानेवारी, रात्री ९:१०)

फौजेतल्या नवऱ्यामुळे आम्ही सहा वर्षं ईशान्येकडे. आसामात लाई शाक म्हणतात, परसात असतेच असते. तिकडची पानं केवढी मोठी, हाताच्या पंजाएवढी आणि चुरमडलेली. नुसतं मीठ-मिरची घालून पाण्यात उकळलेली, भाताबरोबर. नेपाळी शेजारीण तोच पाला कोमेजवून, कुटून, बरणीत दाबून आंबवायची आणि मग उन्हात वाळवायची. गुंद्रुक. पहिल्यांदा वास घेतला तेव्हा पळाले होते, नंतर मागून आणायला लागले.

सासव_घाला, कुंडीत पाल्यासाठी असेल तर बोटभर अंतरावर पेरा आणि विरळणी करत करत खा. बाहेरची पानं खुडत गेलात तर महिना-दीड महिना चालते. दर तीन आठवड्यांनी नवीन पेरा.

गोळीवाला_काका (१७ जानेवारी, सकाळी ८:३०)

एक सूचना. घरात कुणी वॉरफरिन किंवा तसल्याच गटातली रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर हा पाला अचानक रोज खायला घालू नका. यात क जीवनसत्त्व नव्हे, के जीवनसत्त्व प्रचंड असतं, ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. बंद करा असं नाही, डॉक्टरांना विचारून बेताने आणि नियमित. माझ्या दुकानात हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, पालक-मेथीमुळेच.

कापूसकोंड्या (१७ जानेवारी, दुपारी १२:१०)

आमच्याकडे वर्ध्याकडे हरभऱ्यात, गव्हात मोहरीचे तास टाकायची जुनी पद्धत हाय. घरच्यापुरती मोहरी होते. पण मावा! जानेवारीत ढगाळ वातावरण आलं का शेंडे नुसते मेणचट राखाडी किड्यानं भरून जातात. म्हणून लवकर पेरा, दसरा-दिवाळीच्या मधात. उशिराच्या पेऱ्याले मावा ठरलेलाच. लहान असतानी काळी अळीबी पानाची चाळण करते, सकाळी सकाळी झटकून पाण्यात टाकाव लागते.

पाटपाणी (१७ जानेवारी, दुपारी १२:४०)

मला काळी अळी दिसली होती! हात लावला की गुंडाळी होऊन खाली पडायची. पण मावा आला नाही, तेवढं नशीब.

बांधकरी (१७ जानेवारी, रात्री ९:००)

मोहरीचा मला पटलेला एक उपयोग सांगतो. कोबीत सापळा पीक. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे दोन ओळी मोहरी. एक ओळ कोबी लावायच्या पंधरा दिवस आधी पेरायची, दुसरी कोबी लावल्यावर पंचवीस दिवसांनी, म्हणजे कोवळी मोहरी कायम शेतात राहते. तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग अंडी घालायला मोहरीवर जातो. मग फवारा फक्त मोहरीवर. बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेची शिफारस आहे ही, जुनी. कृषी विभागाच्या घडीपत्रिकेत वाचून केली होती, कोबीवरचे दोन-तीन फवारे वाचले.

लेस्टरवाडी (१८ जानेवारी, पहाटे ४:१५)

पण बांधकरीदादा, त्याच वाफ्यात हिरवळीचं खत म्हणूनही मोहरी आणि नंतर परत कोबी-फ्लॉवर असं नको. सगळं एकच कुळ. आमच्या इकडे महापालिकेच्या भाड्याच्या वाफ्यांवर हेच करून माझ्या कोबीच्या मुळ्या आल्यासारख्या सुजल्या. क्लबरूट म्हणतात. एकदा आला की वर्षानुवर्षं मातीत राहतो. वाफ्यांवरचे म्हातारे म्हणाले, आम्ही सांगितलं नव्हतं का. नव्हतं सांगितलं.

शिवाय गोगलगायी. मोहरीची कोवळी पानं म्हणजे त्यांना मेजवानी.

नवशिका७ (१८ जानेवारी, सकाळी १०:००)

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक प्रश्न, मोहरी गाडून त्यावर कांदा लावला तर चालेल? आणि मोहरीने नत्र वाढतं का?

कडू_कारलं (१८ जानेवारी, सकाळी ११:३०)

नत्र वाढत नाही. मोहरी डाळवर्गीय पीक नाही, तिच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी नसतात. जमिनीत असलेलं वाहून जाण्याआधी उचलून ठेवते आणि कुजल्यावर परत देते, एवढंच. नत्र हवं तर ताग.

कांदा लगेच नको. कांद्याची मुळं आखूड आणि विरळ, त्याला स्फुरद (फॉस्फरस) उचलायला मायकोरायझा बुरशीची मदत लागते. मोहरी कुळातली झाडं त्या बुरशीला थाराच देत नाहीत, म्हणजे मोहरीच्या काळात ती उपाशी राहते. मध्ये एखादं मूग-चवळीचं पीक घ्या.

बी किती, हे वर कुणीतरी विचारलं होतं. गाडण्यासाठी गुंठ्याला शंभर-दीडशे ग्रॅम पुरे. पाटपाणींनी पाव किलो टाकली, त्यामुळे झाडं बारीक काड्यांसारखी झाली असणार. चौरस मीटरला निदान पाच किलो ओला पाला निघाला पाहिजे, तरच काही परिणामाची आशा. आणि गंधक हवं. सिनिग्रिनमध्ये गंधक असतं, जमिनीत ते कमी असेल तर पाला मिळमिळीत. सोपी चाचणी: फुलावर आलेलं पान चावून बघा. नाकात गेलं नाही तर सूत्रकृमीच्याही जाणार नाही.

जनुकदर्शी (१८ जानेवारी, दुपारी ४:२०)

या निमित्ताने जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या मोहरीवर मंडळींचं मत काय? तिच्या डीएमएच-११ या वाणाला २०२२ मध्ये पर्यावरणीय परवानगी मिळाली, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले...

पाटपाणी (१८ जानेवारी, दुपारी ४:३५)

जनुकदर्शी, हात जोडते. वेगळा धागा काढा. मी येईन तिथे, भांडेनही. इथे माझे टोमॅटो मेलेत.

बांधकरी (१८ जानेवारी, रात्री ९:४०)

ताई, खरं सांगू? सूत्रकृमीला झेंडू. पण तोरणाला चार झाडं लावतो तसा नाही, सगळ्या वाफ्यात दाट, अडीच-तीन महिने उभा. त्याच्या मुळात काम होतं. मग उन्हाळ्यात खोल खणून रान तापू द्या. जुनी टोमॅटोची मुळं एक न् एक वेचून जाळा, कंपोस्टात टाकू नका. लोक वर औषध मारतात आणि गाठींची मुळं तशीच रानात ठेवतात. निंबोळी पेंड रोपामागं मूठभर. आणि बियाणं घेताना पाकिटावर 'एन' हे अक्षर बघा, ती जात सूत्रकृमीला दाद देत नाही. माती फार तापली तर तिचंही चालत नाही, पण थंडीच्या पिकाला फरक पडतो.

मोहरी करायचीच असेल तर तुमच्या हौसेला करा. पण अर्ध्याच वाफ्यात, म्हणजे कळेल तरी.

पाटपाणी (१८ जानेवारी, रात्री १०:०५)

करते. तीन वाफे, तीन प्रकार. पुढच्या वर्षी येऊन सांगते. सगळ्यांचे आभार.

पाटपाणी (पुढच्या वर्षीचा १९ एप्रिल, रात्री ८:३०)

धागा वर काढतेय. सांगते म्हटलं होतं.

तीन वाफे केले. पहिल्यात ऑगस्टमध्ये झेंडू दाट लावला. दसरा-दिवाळीला फुलं विकत आणावी लागली नाहीत, उलट सोसायटीत वाटली. दुसऱ्यात ऑक्टोबरच्या मध्याला मोहरी, या वेळी मोजून. तिसरा नुसता शेणखताचा. तिन्हीतली जुनी मुळं मे महिन्यात वेचून काढली होती, दोन दिवस कंबर धरली होती.

मोहरी चाळिसाव्या दिवशी काढली. आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवलं. आधी एक झाड उपटून बघितलं आणि पोटात गोळा आला. बारीक मुळांवर मोहरीच्याच दाण्याएवढ्या चार-पाच गाठी. कडू_कारलं म्हणाले होते तेच. म्हटलं आता थांबायचं नाही.

मुलगा, सून, यजमान आणि मी. एका वेळी हातभर रुंदीचा पट्टाच घ्यायचा ठरवलं. मुलाने गवत कापायच्या यंत्राने उभ्या झाडांचाच वरून खाली भुगा करत आणला. उरलेले जाड देठ मी पोत्यावर घेऊन कोयत्याने चेचले. यजमानांनी लगेच कुदळीने ओढून मातीत मिसळलं, सुनेने मागून झारीने पाणी. पाय देऊन माती दाबली आणि ताडपत्री. मग पुढचा पट्टा. तिसऱ्या पट्ट्याला वारा पडला आणि असा काही झणका आला की चौघंही डोळे पुसत बांधावर. यजमानांना अकरा शिंका. मी मोजल्या. "हे सूत्रकृमींसाठी होतं ना?" म्हणाले.

दहा दिवसांनी ताडपत्री काढली, माती हलवली, आणखी बारा दिवस थांबले. मग एका वाफ्याच्या कडेला मेथीचे दाणे टाकून बघितले. सरळ उगवले, तेव्हाच टोमॅटो लावले. प्रत्येक वाफ्यात दहा रोपं, एकाच जातीची, एकाच दिवशी.

परवा सगळी उपटली. शेणखताच्या वाफ्यातली सात आधीच बसली होती, मुळं म्हणजे नुसती हळकुंडं. मोहरीच्या वाफ्यातली तीन बसली. बाकीच्यांना वरच्या वीतभर मातीत मुळं स्वच्छ, पण खालच्या मुळांना गाठी. म्हणजे कुदळ जिथवर पोचली तिथवरच काम झालं. झेंडूच्या वाफ्यातलं एकच गेलं, गाठी किरकोळ.

बांधकरी, तुम्ही जिंकलात. पण मोहरीही अगदीच हरली नाही. आणि तिची भाजी झाली, झेंडूची होत नाही.

बांधकरी (१९ एप्रिल, रात्री ९:५५)

ताई, दहा-दहा झाडांवरनं मी जिंकलो म्हणणार नाही. वाफ्यावाफ्यात माती बदलते. पुढच्या साली वाफे अदलाबदल करून बघा. आणि एकाच वाफ्यात आधी झेंडू, दिवाळीनंतर मोहरी, जानेवारीत टोमॅटो असं बसतंय का बघा. मी पण पाच गुंठ्यात करून बघतो, गणपतीत नाही पेरणार.

चहाबिस्कीट (२० एप्रिल, सकाळी ८:४५)

अकरा शिंकांचा व्हिडिओ आहे का?

पाटपाणी (२० एप्रिल, सकाळी ९:३०)

नाही, आणि मागूही नका.

एक राहिलं. कडेची पंधरा-वीस झाडं बियाला ठेवली होती, अर्धा किलोच्या आसपास मोहरी निघाली. बांधावर पिवळा धोत्राही होता, त्याचं बी हुबेहूब असंच काळं गोल असतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याचीच भेसळ होऊन माणसं दगावली होती, म्हणून ताटात पसरून चष्मा लावून निवडली. धोत्र्याचा दाणा जवळून खडबडीत दिसतो, मोहरी गुळगुळीत. तरी मोहरी कापायच्या आधीच धोत्र्याची झाडं उपटून फेकली असती तर हा उद्योग वाचला असता.

आता झाडाला कैऱ्या आल्यात. सासव_घाला, घरच्या मोहरीचं लोणचं करायचंय, फेसून. प्रमाण सांगाल?

सासव_घाला (२० एप्रिल, सकाळी ११:१५)

एक किलो फोडींना शंभर ग्रॅम मोहरी, ताजी घरची आहे तर ऐंशीच घ्या, चढेल. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं. मीठ-हळद फोडींना आदल्या रात्री लावून ठेवा. मोहरी फेसल्यावर अर्धा तास झाकण उघडायचं नाही, आणि उघडताना तोंड बाजूला.